मास्तरांचं बाळंतपण

मास्तर हॉस्पिटलात नोकरीला लागले त्याला सव्वीस वर्षं झाली होती, आणि पहिला आठवडा सोडला तर एवढ्या काळात त्यांनी रक्ताचा थेंबसुद्धा पाहिला नव्हता. ही गोष्ट ते स्वतःच सगळ्यांना सांगत, तीही जरा अभिमानाने. ते हॉस्पिटलचे शिंपी होते. तळमजल्यावर लाँड्रीला लागून त्यांची लांबट खोली होती. तिथं दोन शिलाई मशिनं, कापडाचे गठ्ठे आणि भिंतीवर खिळ्याला टांगलेली कात्री. चादरी, उशांचे अभ्रे, पडदे, ऑपरेशनचे हिरवे झगे, सगळं तिथूनच शिवून वर जायचं. फाटलेलं खाली यायचं ते लाँड्रीतून धुऊन, स्वच्छ होऊनच.

पहिल्या आठवड्यात काय झालं होतं, तर पडद्यांचा गठ्ठा घेऊन ते वर गेले असता समोरून एक स्ट्रेचर आलं. मास्तरांनी एकदा पाहिलं आणि पडद्यांसकट जे आडवे झाले, ते कपाळ फोडूनच. तीन टाके पडले. ‘हॉस्पिटलने पहिल्याच आठवड्यात शिंप्याला शिवलं’ ही थट्टा पुढं कित्येक वर्षं चालली. तेव्हापासून मास्तर जिना चढले नाहीत. वरचे लोकच खाली येत.

तशा एके दिवशी प्रसूती विभागाच्या मोठ्या सिस्टर खाली आल्या. मोठ्या म्हणजे पदानं. अंगानं त्या काडीसारख्या होत्या, पण आवाज असा की लाँड्रीचं यंत्रही दबून जावं. स्टूल ओढून बसल्या आणि म्हणाल्या, “मास्तर, मला एक पोट शिवून द्या.”

“पोट म्हणजे? पोटपट्टा?”

“पट्टा नाही हो, पोट. बाळंतिणीचं. आत बाळ हवं, बाळाला नाळ हवी, वार हवी. बाळ बाहेर आलं की मागून रक्त सुरू झालं पाहिजे.”

मास्तरांच्या हातातली सुई जागच्या जागी थांबली. “कुणाचं रक्त?”

“कुणाचंच नाही. रंगीत पाणी.” मग सिस्टरांनी समजावून सांगितलं. बाळंतपणानंतर कधीकधी बाईचं रक्त थांबत नाही. तेव्हा हातात मिनिटं असतात, तास नव्हे. त्या मिनिटांत डॉक्टर, सिस्टर, आया सगळ्यांनी मिळून ठरलेली कामं पटापट करायची असतात. प्रत्येकाला आपापलं काम येतं. घोडं अडतं ते सगळ्यांनी एकत्र करायची वेळ येते तेव्हा. “खऱ्या बाईवर शिकणं काय कामाचं? त्याआधी खोट्या बाईवर चुका करून घेऊ. म्हणून पोट हवंय.”

मास्तरांनी एकच विचारलं, “पाणी निळं चालेल का?”

“मास्तर, बाईचं रक्त जातंय. शाई नाही.”

पण काम हाती घेतलं की मास्तर त्यात बुडून जायचे. तपासणीच्या जुन्या बाकाचं गव्हाळ रेग्झिन उसवून त्यांनी पोटाची कातडी केली. बाळ जुन्या फलाटीनचं. त्यात वाळूच्या पुरचुंड्या भरभरून, लाँड्रीच्या काट्यावर ठेवून, बरोबर तीन किलोचं केलं. नाळ म्हणजे झग्याच्या नाड्यांची वेणी, तिच्या टोकाला टिचबटण. वारेसाठी मरून रंगाचं फाटकं ब्लँकेट कामी आलं. खरी करामत गर्भाशयाची होती. सिस्टर म्हणाल्या होत्या, “बाळ झाल्यावर गर्भाशय घट्ट झालं तर रक्त थांबतं, मऊ राहिलं तर वाहतं. ते हाताला कळलं पाहिजे.” मास्तरांनी दोन दिवस डोकं खाजवलं. मग रक्तदाब मोजायच्या मोडक्या यंत्रातली रबरी पिशवी कापडात शिवून टाकली. फुगा दाबला की पोट नारळासारखं टणक, हवा सोडली की कणकेसारखं मऊ. सिस्टरांनी हात लावून पाहिला आणि म्हणाल्या, “अगदी अस्संच लागतं हो!” मास्तरांचे कान लाल झाले.

रक्तासाठी मुदत संपलेली, न वापरलेली लघवीची पिशवी मिळाली. दोन लिटरची, खाली नळी आणि चावी. लाल रंग मास्तरांनी स्वतःच कालवला. पहिल्या दिवशी मान वळवून, दुसऱ्या दिवशी एका डोळ्यानं, आणि तिसऱ्या दिवशी चक्क “जरा फिकं झालंय, अजून टाकू” असं म्हणत. आपण कालवलेल्या रंगाला काय भ्यायचं, असं त्यांनी मनाशी ठरवलं होतं.

अडचण उभी राहिली ती पोट बांधायच्या वेळी. पोट बांधून सिस्टर स्वतःच पलंगावर झोपणार होत्या. पण डाव्या हातानं पाण्याची चावी, उजव्या हातानं हवेचा फुगा, गुडघ्यानं बाळाला ढकलणं, हे सगळं एकाच वेळी करायचं होतं. सिस्टरांनी चारदा करून पाहिलं. कधी बाळाआधी वार आली, कधी सगळं पाणी त्यांच्याच बुटात गेलं. मास्तरांनी दाखवायला म्हणून पोट बांधलं आणि पहिल्याच फटक्यात तीन किलोचं बाळ सुखरूप जन्माला घातलं. जन्मभर पायानं मशीन आणि दोन हातांनी कापड चालवलेला माणूस तो.

“ठरलं,” सिस्टर म्हणाल्या. “झोपणार तुम्ही. मी बाजूला उभी राहून बघेन, तेही कुणीतरी करायला हवंच.”

“सिस्टर, मला मिशा आहेत!”

“राहू द्या. बाळंतिणीच्या मिशा मोजायला कुणी येत नाहीये.”

त्या संध्याकाळी मास्तर घरी गेले ते चपला न काढताच खुर्चीत बसले. चहाचा कप पुढं ठेवून बायकोनं विचारलं, “काय झालंय?”

“मला गुरुवारी बाळंत व्हायचंय.”

सगळा प्रकार ऐकून बायको इतकी हसली की तिला पदरानं डोळे पुसावे लागले. मग तिनं फर्मावलं, “बरं, ओरडून दाखवा.” मास्तरांनी डोळे मिटून “आई गं” म्हटलं. ती म्हणाली, “ही दाढदुखी झाली. कळ पोटातून येते, पाठीतून वर चढते, आणि मग ओसरते. ओसरते तेव्हा बाई गप्प पडून राहते, पुढची येईपर्यंत. पुन्हा.” पाचव्या-सहाव्या खेपेला मास्तरांनी असा काही टाहो फोडला की शेजारीण धावत आली.

“वहिनी, भाऊजींना काय होतंय?”

“काही नाही हो, कळा येताहेत,” बायको दारातूनच म्हणाली आणि शेजारीण तोंडाचा आ करून परत गेली.

हसणं ओसरल्यावर बायको भांडी आवरता आवरता म्हणाली, “धाकटीच्या वेळी माझंही असंच रक्त गेलं होतं. तुम्हाला कुठं माहीत आहे?”

मास्तरांनी वर पाहिलं. “मी बाहेर बाकावर होतो. मला म्हणाले, सगळं ठीक आहे.”

“ठीकच झालं शेवटी. पण त्या वेळी थंडी भरली होती, कानात घूं घूं होत होतं. माझ्या अंगावरून सगळे एकमेकांशी बोलत होते. मी आपली विचारतेय, बाळ रडलं का, बाळ रडलं का. चारदा विचारलं. कुणी उत्तरच दिलं नाही. मला वाटलं, गेलं बाळ.” तिनं कढई पालथी घातली. “त्यांचंही बरोबर होतं म्हणा. मला वाचवायच्या गडबडीत होते बिचारे.”

धाकटी आता चोवीस वर्षांची होती. चोवीस वर्षं हे मास्तरांच्या कानावर आलं नव्हतं. ते उठले आणि बायकोच्या हातातलं फडकं घेऊन भांडी पुसू लागले.

गुरुवारी दुपारी मास्तर जिना चढले. नजर पायऱ्यांवर, एक हात कठड्याला. प्रसूतीची एक खोली रिकामी ठेवली होती. पलंग, वर दिवा, भिंतीला घड्याळ, कोपऱ्यात बाळाचा वजनकाटा. मास्तर पोट बांधून चादरीखाली झोपले आणि टीम आत आली. विभागाचे मोठे डॉक्टर, दोन सिस्टर आणि एक आया. दोघींपैकी एक सिस्टर जुनी होती आणि दुसरी दोन महिन्यांपूर्वीच लागलेली, अगदी कोवळी. चादरीवरच्या मिशा पाहून ती धाकटी सिस्टर फिस्सकन हसली. आयानं तोंडात पदर कोंबला.

“हे नाटक किती वेळ चालणार आहे?” मोठ्या डॉक्टरांनी घड्याळाकडे बघत विचारलं. माणूस कामाचा वाघ, पण वेळ फुकट गेला की त्यांच्या अंगाचा तिळपापड व्हायचा.

“तुम्ही लवकर वाचवलंत तर लवकर संपेल,” मोठ्या सिस्टर गोड आवाजात म्हणाल्या.

मास्तरांनी पहिली कळ दिली आणि हसू थांबलं. बायकोची शिकवण वाया गेली नव्हती. दोन मिनिटांत बाळ झालं, नाळ कापली, म्हणजे टिचबटण उघडलं, वार आली. भिंतीशी उभ्या असलेल्या मोठ्या सिस्टरांनी ठरल्याप्रमाणे कान खाजवला. मास्तरांनी पोटातली हवा सोडली आणि चावी फिरवली.

“रक्त जरा जास्त वाटतंय,” डॉक्टर म्हणाले. “कुणीतरी सलाईन लावा. ते इंजेक्शन आणा कुणीतरी.”

इंजेक्शन आणायला जुनी सिस्टर धावली, तिच्यामागे आयाही धावली. सलाईन लावायला कुणीच नव्हतं. धाकटी सिस्टर पोटावर हात ठेवून उभी होती. ती पुटपुटली, “पोट मऊ लागतंय…” पण डॉक्टर खाली वाकलेले होते, त्यांना ऐकू गेलं नाही.

“सिस्टर, मला गरगरतंय,” मास्तर म्हणाले. “माझं बाळ रडलं का?”

कुणी उत्तर दिलं नाही. आया एक इंजेक्शन घेऊन आली, जुनी सिस्टर दुसरं. दोघींकडे सारखंच इंजेक्शन. डॉक्टरांनी विचारलं, “दिलं का?” आणि दोघींनाही वाटलं की दुसरीनं दिलं. “बाळ रडलं का?” मास्तरांनी पुन्हा विचारलं. तिसऱ्यांदा विचारताना त्यांचा आवाज खरोखरच चिरकला. तेव्हा ते कुणाची नक्कल करत नव्हते.

“किती गेलं असेल रक्त?” मोठ्या सिस्टरांनी विचारलं.

“चारशे, फार तर पाचशे मिली,” डॉक्टर म्हणाले.

“थांबा,” सिस्टर म्हणाल्या. “बारा मिनिटं झाली.”

खुर्च्या गोल मांडल्या. मोठ्या सिस्टरांनी आधीच बजावलं होतं की इथं कुणाला दोष द्यायचा नाही, काय घडलं एवढंच बोलायचं. आणि सर्वांत आधी पेशंट बोलणार. मास्तर पोट बांधलेलेच खुर्चीवर टेकले. वरच्या मजल्यावर, तेही मोठ्या डॉक्टरांसमोर बोलायचं म्हणजे त्यांची ततपप व्हायची वेळ होती. पण ते बोलले.

“साहेब, मी मेलो.”

सगळे खो खो हसले. मग एकदम कुणीच हसेना.

“म्हणजे असं की पिशवी दोन लिटरची होती. ती सातव्या मिनिटालाच रिकामी झाली. पुढं माझ्याकडे सोडायला काही उरलंच नव्हतं.”

“दोन लिटर? शक्यच नाही,” डॉक्टर म्हणाले. “वीस वर्षं मी हे बघतोय. एवढं रक्त दिसलं असतं.”

“दिसत नाही साहेब, कापड पितं. ही आडवी चादर मी शिवलीय, दुहेरी कापडाची. कोरडी तीनशे ग्रॅम. लाँड्रीत सगळं किलोवर चालतं, मला प्रत्येक कापडाचं वजन पाठ आहे. बाळाच्या काट्यावर ठेवून बघा ना.”

धाकटी सिस्टर उठली. दोन चादरी आणि रक्त टिपायच्या कापडाच्या घड्या गोळा करून तिनं काट्यावर ठेवल्या, कोरड्याचं वजन वजा केलं. एक हजार सहाशे ग्रॅम, म्हणजे जवळपास तेवढेच मिली. उरलेलं पलंगाखालच्या तसराळ्यात होतं. डॉक्टर त्या आकड्याकडे बघत राहिले. त्यांच्या चेहऱ्यावरून एकेक रंग उतरत गेला.

मास्तरांना आता थांबवेना. “आणि दुसरं, साहेब, तुम्ही ‘कुणीतरी’ म्हणालात. आमच्या धंद्यात माप घेणारा बोलतो, ‘बाही तेवीस’. लिहिणारा परत बोलतो, ‘तेवीस’. तो बोलला नाही तर मी फीत पुढं सरकवत नाही. नाहीतर बाही आखूड होते आणि गिऱ्हाईक गळा धरतं. इथं तर…” मग हळू आवाजात म्हणाले, “आणि मी तीनदा विचारलं, बाळ रडलं का. निदान ‘हो’ म्हणायला हवं होतं कुणीतरी.”

धाकटी सिस्टर मान खाली घालून म्हणाली, “मला पोट मऊ लागलं होतं. मी म्हटलंही. पण मोठ्यांदा नाही.”

मास्तरांना वाटलं, आता भडका उडणार. डॉक्टरांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. “सिस्टर, यापुढे मोठ्यांदा म्हणायचं,” ते म्हणाले. “मी तुमच्याकडे वळून बघेपर्यंत म्हणायचं.” मग मास्तरांकडे वळले. “पिशवी परत भरायला किती वेळ लागेल?”

“पाच मिनिटं.”

“भरा. आत्ताच पुन्हा करू.”

दुसऱ्या खेपेला डॉक्टरांनी बोट दाखवून एकेकीला काम सांगितलं, प्रत्येकीनं ते परत म्हणून दाखवलं. आयानं उशाशी उभं राहून मास्तरांचा हात धरला आणि म्हणाली, “बाळ रडलं हो बाई, छान आहे.” सहा मिनिटांत पोट टणक झालं. मास्तरांना त्या दिवशी घरी जायला उशीर झाला, कारण जिन्यात भेटेल त्याला ते ही हकीकत सांगत होते.

दर गुरुवारी हे ठरूनच गेलं. प्रत्येक खेपेला काहीतरी नवं चुकायचं, आणि ते सापडलं की मोठ्या सिस्टरांना कोण आनंद व्हायचा. मास्तरांनी प्रसूती विभागाच्या प्रत्येक चादरीच्या कोपऱ्यात काळ्या दोऱ्यानं कोरडं वजन भरून दिलं. वजनकाटा कोपऱ्यातून पलंगाशेजारी आला. त्यांच्या कळांची कीर्ती तर इतर वॉर्डांत पोचली; हाडांच्या वॉर्डातले लोक मुद्दाम ऐकायला येत.

चार महिन्यांनी एका सकाळी वर धावपळ झाल्याचं मास्तरांना छतावरच्या पावलांवरून कळलं. त्यांनी मशीन थांबवलं. अर्ध्या-पाऊण तासानं पावलं शांत झाली आणि मोठ्या सिस्टर जिना उतरून आल्या. त्या स्टुलावर बसल्या आणि पहिल्यांदाच त्यांचा आवाज लाँड्रीच्या यंत्राखाली दबला.

“खरं होतं आज,” त्या म्हणाल्या. “बाळ झालं आणि सुरूच झालं. धाकटी सिस्टर अशी ओरडली, ‘पोट मऊ! पोट मऊ!’ की डॉक्टर दचकलेच. मग एकेक काम, अगदी गुरुवारसारखं. चादर वजन केली, सातशे निघाले. आपण एरवी तीनशे म्हणून सोडलं असतं. तिथंच इंजेक्शन, तिथंच रक्त मागवलं. थांबलं, मास्तर. बाई चहा मागतेय.”

मास्तरांना विचारायचं होतं ते वेगळंच. “तिला सांगितलं का, बाळ रडलं म्हणून?”

“आयानं आधी तेच सांगितलं.”

मास्तरांनी मान हलवली आणि विनाकारण कात्रीला तेल घालायला घेतलं.

पाचव्या दिवशी ती बाई घरी निघाली. मास्तर आपल्या दारात उभे होते. पुढं नवरा पिशव्या घेऊन, मागं ती, हळूहळू चालत, कुशीत बाळ. तिनं एका मिशाळ शिंप्याकडे सहज पाहिलं आणि पुढं गेली. मास्तरांनी बाळावरून नजर फिरवली आणि मनात अंदाज बांधला, अडीचच्या आसपास. आपलं फलाटीनचं तीन किलोचं. जरा हलकं करायला हवं.

हलकं बाळ शिवून झालं. मग गावातल्या दुसऱ्या दोन हॉस्पिटलांतून पोटांची मागणी आली. मास्तरांनी पोटं शिवली आणि ती कशी बांधायची हे दाखवायला ते बायकोला बरोबर घेऊन गेले, कारण कळा शिकवायचं काम तिनं परस्पर आपल्याकडे घेतलं होतं. ती नर्सना सांगे, “यांना जमलं, तर तुम्हाला का नाही जमणार?” आणि मास्तर मिशीतल्या मिशीत हसत.

एका गुरुवारी मोठे डॉक्टर म्हणाले, “आज मी झोपतो.” सगळे एकमेकांकडे बघू लागले. मास्तरांनी स्वतःच्या हातांनी त्यांच्या कमरेला पोट बांधलं, चावी आणि फुगा हातात दिला. कळा डॉक्टरांना काही केल्या जमेनात. बाळ पलंगावरून खाली पडलं. चादरीपेक्षा जास्त पाणी डॉक्टरांच्या बुटांत गेलं. पण धाकट्या सिस्टरनं बोट दाखवून कामं वाटली, सगळ्यांनी ती परत म्हणून दाखवली, आणि सात मिनिटांत डॉक्टर वाचले.

नंतर खुर्च्या गोल मांडल्या. पेशंटनं आधी बोलायचं होतं. डॉक्टरांनी आधी ओले बूट काढून ठेवले.

“दिवा डोळ्यांवर येतो फार,” ते म्हणाले. “माणसांच्या नुसत्या नाकपुड्या दिसतात. आणि छताला तिथं पाण्याचा हा एवढा मोठा डाग आहे. वीस वर्षं मी या खोलीत काम करतोय. कधीपासून आहे तो?”

“मी आलो त्या दिवशीही होता, साहेब,” मास्तर म्हणाले.

डॉक्टरांनी खिशातून कागद काढला आणि त्यावर दिवा, डाग असं लिहून घेतलं. “रंगारी उद्या,” ते धाकट्या सिस्टरकडे बोट करून म्हणाले.

“रंगारी उद्या,” ती म्हणाली.